हाऊ आर यू, मालक?

सोलापुरात सध्या दोन धंदे तेजीत आहेत. एक मंगल कार्यालयांचा, दुसरा इंग्लिश स्पीकिंग क्लासचा. दोन्हीकडं माणूस ऐन उन्हाळ्यात सूट घालून येतो, दोन्हीकडं स्टेजवर उभा राहून घामाघूम होतो आणि दोन्हीकडं पुढं आपलं काय होणार याची त्याला सुतराम कल्पना नसते. मंगल कार्यालयात निदान जेवण तरी मिळतं.

सात रस्त्यावरून पार्क चौकाकडं निघा आणि वर बघत चला. (एरवी खाली बघावं, खड्डे आहेत, पण आज माझ्यासाठी वर बघा.) खांबाखांबावर बोर्ड. ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी!’ खाली बारीक अक्षरांत पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, स्टेज डेअरिंग, एटिकेट्स आणि बॉडी लँग्वेज फ्री. म्हणजे पैसे भाषेचे आणि व्यक्तिमत्त्व वर मोफत, साडीवर ब्लाउज पीस मिळावा तसं.

आता जरा हिशोब करू. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. बारावी पास झालेलं पोरगं १२ वर्षं इंग्रजी शिकून बाहेर पडतं. जे १२ वर्षांत सरकारला, शाळेला आणि पाठ्यपुस्तक मंडळाला जमलं नाही, ते सर ३० दिवसांत करणार. त्यातले रविवार वजा. एकतर शाळेनं फसवलं किंवा सर फसवतायत. सरांना विचारावं तर ते शाळेकडं बोट दाखवतात. शाळेत जाऊन विचारावं तर इंग्रजीच्या तासाला फळ्यापुढं हेच सर उभे!

पूर्वी असं नव्हतं म्हणे. पूर्वी लोक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन कंदिलाखाली बसत. नंतर कपिल देवच्या फोटोवाल्या जाहिरातीचं रॅपिडेक्स आलं. ते घराघरात होतं आणि घराघरात त्याची पहिली २० पानंच मळलेली होती. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं. ते प्यायचं तर वाघिणीजवळ जायची छाती लागते, हे त्यात गृहीत होतं. आता वाघीण पोरांना आधी घाबरवते, मग तीन हप्त्यांत फी घेते आणि दूध पुढच्या बॅचला देते.

मी मुद्दाम एका डेमो लेक्चरला जाऊन बसलो. डेमो फुकट असतो. क्लासचं नाव सांगत नाही. सगळ्यांची नावं साधारण सारखीच असतात, त्यात ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा ग्लोबल यांपैकी एक येतं. झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला. बाहेर पारा ४३. पंखा आपल्या मर्जीनं फिरतोय. आणि सर ब्लेझरमध्ये. सरांनी टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला आणि जाहीर केलं की आजपासून या खोलीत मराठी बंद. एक मराठी शब्द, १० रुपये दंड. तेवढ्यात लाईट गेली. सर खिडकीतून खाली ओरडले, “काय बे, पुन्हा हिटर लावलास काय रे? फ्यूज कोण बघायचं, तुझा बाप?” पंखा सुरू झाला. सर वळले, ब्लेझर नीट केला आणि म्हणाले, “सो, व्हेअर वेअर वुई?” डब्यात दमडी पडली नाही.

सरांच्या इंग्रजीतल्या चुका मी मोजत बसलो नाही, तुम्हीही मोजू नका. चुका करत करतच भाषा येते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. हसू येतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. चूक करायचा हक्क फक्त सरांचा. पोरांनी केली की ती ‘वीकनेस’ आणि तिचं औषध ॲडव्हान्स कोर्समध्ये.

मग आला स्मॉल टॉक. या प्रकरणावर खरं तर पीएच.डी. व्हायला पाहिजे. सर म्हणाले, अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचं तर हवामानावर बोलावं. पगार, वय, जात, लग्न, आजार विचारू नये. इंग्लंडात ठीक आहे हो. तिथं आभाळ दिवसातून चार वेळा मत बदलतं, माणसाला तेवढाच विषय. सोलापुरात मार्च ते जून हवामानावर एकच वाक्य पुरतं आणि ते चारचौघांत म्हणण्यासारखं नसतं. आमचा स्मॉल टॉक पाण्यावर चालतो. “ओ काकू, पाणी आलं का तुमच्याकडं?” उजनी धरण जिल्ह्यातच असून शहराला नळाचं पाणी काही दिवसांआड. त्यामुळं या एका प्रश्नात चौकशी आहे, सहानुभूती आहे, महापालिकेचं राजकारण आहे आणि नसेल आलं तर आमच्याकडनं दोन घागरी न्या असं न बोललेलं आमंत्रणही आहे. ही शिष्टाचाराची परमावधी झाली. सरांच्या वहीत तिला जागा नाही, कारण ती काकूंना येते. काकूंना जे येतं त्याची फी कोण देणार?

‘हाऊ आर यू’चा तास तर संस्मरणीय. सर म्हणाले, उत्तर कायम ‘आय ॲम फाइन’. मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं. “सर, आणि फाइन नसलो तर?” सर म्हणाले, “तरीपण फाइन.” अद्वैत वेदान्तात याहून खोल काही असेल असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे या जागी जर्मन माणूसही आमच्यासारखाच अडखळतो. इंग्रज ‘हाऊ आर यू’ म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढं जातो. जर्मन थांबतो, विचार करतो आणि खरं सांगतो. कंबर दुखतेय, मुलीची परीक्षा आहे, ट्रेन लेट होती. सोलापूरकरही थांबतो. गुडघा, जावई, पतसंस्थेत अडकलेली ठेव, सगळं क्रमानं येतं. विचारलंय म्हणजे ऐकायचंय, अशी दोघांचीही भाबडी समजूत. फरक पुढं आहे. जर्मनाच्या या सवयीला जग ‘स्पष्टवक्तेपणा’ म्हणतं. आमच्या सवयीवर सर १० दिवसांचं मॉड्यूल घेतात.

आणि मग एमटीआय. सर हे शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात, डॉक्टर रिपोर्ट वाचताना आणतात तसा. मदर टंग इन्फ्लुअन्स. कॉल सेंटरवाल्यांनी आणलेलं हे निदान. तुमच्या इंग्रजीत तुमची आई ऐकू येते, तिला बाहेर काढा. काढूही. पण सोलापुरात हा प्रश्न जरा किचकट आहे, सर. कुठली आई? अशोक चौकाच्या पलीकडं पद्मशाली घरातलं पोरगं घ्या. घरात तेलुगू. शेजारच्या लिंगायत काकूंशी कानडी. शाळेत मराठी. गल्लीत क्रिकेट दखनीत, कारण आऊट-नॉटआऊटचं भांडण दुसऱ्या कुठल्या भाषेत तितकं रंगत नाही. या चार आयांच्या लेकराचा इन्फ्लुअन्स काढायचा तर सरांना चारही भाषा याव्या लागतील. सरांना दीड येते.

लक्ष्मी मार्केटात सकाळी एखाद्या भाजीवालीसमोर नुसते उभे राहा. अक्कलकोटकडची बाई, घरची भाषा कानडी. पेन्शनर मास्तर आले की “सर, मेथी बघा की ताजी”. टॉवेल कारखान्यातला कामगार आला की अण्णा आणि मोडकं तेलुगू. दाढीवाले चाचा आले की दखनी, आणि भावात दोन रुपये आपसूक कमी, कारण चाचा रोजचे. भाषेबरोबर तिचा आवाज बदलतो, घासाघीस किती ताणायची ते बदलतं, चेष्टा कुणाची करायची आणि कुणाची नाही तेही बदलतं. मोठमोठ्या कंपन्या याच गोष्टीला ‘क्रॉस-कल्चरल कम्युनिकेशन’ म्हणून परदेशी ट्रेनर बोलावतात. ही बाई ते कोथिंबिरीबरोबर वर देते. या गावची रीतच आहे ती. अठराव्या शतकात जन्मलेला याच गावचा शाहीर राम जोशी एकाच लावणीत वेगवेगळ्या भाषा नांदवायचा. त्याला कुणी ‘तेवढा एमटीआय काढून या’ म्हटलं असतं, तर पुढची लावणी कुणावर झाली असती हे तुम्हाला सांगायला नको.

आमच्या ओळखीच्या घरातली एक पोरगी या क्लासला जाते. नाव राहू दे. आई विड्या वळते. दिवसभर मान खाली घालून पान, तंबाखू आणि दोरा. आईचा पीएफ अडकला होता, कारण आधारवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि कारखान्याच्या कागदावर दुसरं. (तेलुगू आडनावांची सरकारी कागदावर जी परवड होते त्यावर वेगळा लेख होईल.) ही पोरगी आईकडून तेलुगूत सगळी हकिगत काढून घ्यायची, कारखान्याच्या कारकुनाशी मराठीत वाद घालायची, वरच्या साहेबाशी हिंदीत नमतं घ्यायची आणि इंग्रजीतला फॉर्म स्वतः भरायची. खेटे घालून घालून पैसे सोडवून आणले तिनं. क्लासच्या प्रगतिपुस्तकात तिचा शेरा असा: कम्युनिकेशन पुअर, कॉन्फिडन्स लो, आय कॉन्टॅक्ट लॅकिंग. आय कॉन्टॅक्ट! ज्या साहेबानं महिनोन्महिने फाइलमधून मान वर काढली नाही, त्याला कोणता क्लास लावायचा, सर?

पण ती क्लास सोडत नाही. विचारलं तर म्हणते, “पुण्यात लागतंय की इंग्लिश.” बरोबर आहे तिचं. गावात नोकऱ्या नाहीत. भल्या सकाळी पुण्याला हुतात्मा एक्सप्रेस सुटते. तिच्या डब्यांत इस्त्रीचा शर्ट डागू नये म्हणून ताठ बसलेली पोरं बघा. प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच उत्तर, ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’चं, पाठ चाललेलं. गाडीचं नाव ज्या चौघांवरून पडलं ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये या गावानं इंग्रजांचा अंमल काही दिवस चक्क उठवला होता. मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला हे चौघे येरवड्यात फासावर गेले. त्यांची नावं एकापुढं एक वाचा, गावाच्या चार गल्ल्यांतून फिरून आल्यासारखं होतं. त्यांच्या नावाच्या गाडीत बसून आम्ही हिंजवडीला जातो आणि ‘मायसेल्फ’नं सुरुवात केली म्हणून दुसऱ्या फेरीआधीच परततो. नाकारणारा एचआरवाला माढ्याचा असतो हे आणखी वर.

एटिकेट्सचा तास एका एसी हॉटेलात झाला. त्याची फी वेगळी. फ्री होतं ते फक्त बोर्डावर. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, नॅपकिन मांडीवर, कोपर टेबलाबाहेर, तोंडाचा आवाज नको. विसेक पोरं पनीर बटर मसाल्याकडं बॉम्बशोधक पथकासारखी बघत बसली. सरांना एक विनंती आहे. पुढच्या बॅचला कडक भाकरी ठेवा. सोलापूरची कडक भाकरी सुरी-काट्यानं खाऊन दाखवा, मी पूर्ण कोर्सची फी भरतो. भाकरीला काही होत नाही. तुकडा उडून शेजारच्या टेबलावरच्या सूपमध्ये जातो आणि तिथून पुढं जो संवाद होतो तो खराखुरा कॉन्व्हर्सेशनल असतो.

ज्या पोरांना जेवणाचे मॅनर्स नाहीत म्हणून सर हळहळत होते, ती हुरड्याच्या दिवसांत शेतावर कशी वागतात ते मी पाहिलंय. आगटीभोवती बसायचं, पाहुण्याच्या हातावर पहिला गरम हुरडा, शेंगा चटणी त्याच्याकडं सरकवायची आणि भाजणाऱ्यानं सगळ्यात शेवटी खायचं. कुणी सांगत नाही, कुणी पाठ करत नाही. आणि नको म्हणण्याची शिस्त तर विचारूच नका. पहिला नकार रीत म्हणून, दुसरा भीड म्हणून, तिसरा आला की वाढणारा थांबायचा विचार करतो. हॉटेलात वेटरनं विचारलं, “मोअर, सर?” सरांनी शिकवल्याप्रमाणं पोरं एका सुरात म्हणाली, “नो, थँक यू.” वेटर निघून गेला. परत आलाच नाही! नऊ वाजता ती बॅच बाहेर गाड्यावर उभी राहून भजी खात होती, आणि खाताना आवाज करत होती.

आता तुम्हाला एक खरा इंग्रजी संवाद ऐकवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. मालक दहावी. समोर जर्मन गिऱ्हाईक. ओळख झाली ती फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनात. ते दर जानेवारीत भरतं, इथं गड्ड्याची यात्रा असते साधारण तेव्हाच. जर्मनानं टॉवेल उलटसुलट केला आणि म्हणाला, “धिस बॉर्डर इज नॉट गुड.” कुठं ‘आय ॲम अफ्रेड’ नाही, ‘परहॅप्स’ नाही. मालक म्हणाले, “येस. नॉट गुड. चेंज.” झालं. हेच दोन इंग्रज असते तर एकमेकांची माफी मागण्यात जेवणाची वेळ झाली असती.

मग जर्मनानं बॅगेतून वजनकाटा काढला. टॉवेल ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅमचा, ठरला होता, भरला ४८०. चेहरा कडक. “धिस इज नॉट फाइव्ह हंड्रेड” एवढंच म्हणून त्यानं काटा मालकांकडं फिरवला. मालकांनी दोन्ही हातांचे तळवे जवळ आणून दाखवले. “आफ्टर वॉश, कमिंग लाइक धिस. देन फाइव्ह हंड्रेड.” जर्मनाचा विश्वास बसेना. मालकांनी पोऱ्याला हाक मारली, टॉवेल धुवायला लावला, गच्चीवर वाळत टाकला. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. चहा संपायच्या आत टॉवेल परत. बसलेल्या कापडाचा तुकडा काट्यावर ठेवला. ५०० च्या वर. जर्मन पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, “व्हेन डू आय बिकम द सॅम्पल?” त्यांच्याकडं ‘मिळणं’ या अर्थाचं क्रियापद बिकमच्या तोंडवळ्याचं आहे, म्हणून बिचाऱ्यांची ही जुनी खोड. मालकांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. “यू बिकम नेक्स्ट वीक. पक्का.”

मालकांच्या आईनं तोवर शेंगा पोळी आणली होती. जर्मन म्हणाला, “नो, थँक यू.” त्याला खरोखरच नको होती, त्यांच्याकडं नाही म्हणजे नाही. आजींनी वाढली. तो पुन्हा नो म्हणाला. आजींनी वर तूप घातलं. तिसऱ्यांदा त्यानं ताटावर हात आडवा धरला, आणि तेव्हा मात्र आजी थांबल्या. ही खूण त्यांना कळणारी होती. दोन संस्कृतींचा करार एका पोळीवर झाला, ट्रेनरशिवाय.

बाहेर डाईंगमध्ये रंगमास्तर उभे होते. त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणताना घाम फुटतो. पण १९९४ साली जर्मनीनं काही ॲझो रंगांवर बंदी आणली तेव्हापासून तिकडं कुठला रंग चालतो आणि कुठला नाही हे त्यांना तोंडपाठ. ओको-टेक्सच्या सर्टिफिकेटवर ते जर्मनाशी असे बोलत होते की मला दोघांचंही कळत नव्हतं आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. आमच्या सरांनी या तिघांची तोंडी घेतली तर तिघंही नापास. मालकांना फ्लुएन्सी नाही, मास्तरांना कॉन्फिडन्स नाही आणि जर्मनाचा एमटीआय भयानक. ‘वुई’चं ‘व्ही’ करतो.

पण जर्मनाला कुणी नापास करत नाही. त्याच्याही देशात त्याला शहाणं करून सोडणारे सल्लागार आहेत. इंग्रजांशी बोलताना असं थेट बोलू नका, आधी जरा घोळवा, म्हणून सांगतात. तो फी भरतो, ऐकतो, निम्मं विसरतो आणि ऑर्डर देतो. इंग्रजी त्याला माल घ्यायला लागतं. त्यासाठी आपल्या आजीची लाज वाटलीच पाहिजे, अशी अट त्याला कुणी घालत नाही. आमच्या क्लासात पहिला हप्ता लाजेचा. तुमचं चालणं चुकीचं, हसणं चुकीचं, जेवणं चुकीचं, बापानं मारलेली हाक चुकीची. माणूस आधी पुरता मुका करायचा आणि मग त्याला बोलायला शिकवल्याचं सर्टिफिकेट द्यायचं.

याच सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, दिवसातून दोनदा त्यावरून जाता. चीनमध्ये गेल्यावर ते चिनी शिकले. जखमी सैनिकाला कुठं दुखतंय हे विचारायचं होतं म्हणून. पुढं तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीत शिकवू लागले, बेथून हॉस्पिटलचे संचालक झाले, ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथंच गेले. चीननं त्यांची आठवण अजून ठेवलीय. ते चिनी बोलताना त्यात किती सोलापूर ऐकू यायचं कुणास ठाऊक; तंबूत पडलेल्या सैनिकानं ‘आधी एमटीआय काढून या’ म्हणून तक्रार केल्याची नोंद नाही.

आता काही मंडळी माझ्या पाठीवर थाप मारायला पुढं सरसावली असतील. थांबा जरा. तुम्ही कोण ते मला माहीत आहे. २७ फेब्रुवारीला फेटा बांधून ‘मराठी वाचवा’ म्हणून टेबल आपटणारे तुम्हीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली तेव्हा पेढे तुम्हीच वाटलेत. आणि भाषण संपल्यावर ड्रायव्हरला फोन करून “बेबीला स्कूलमधून पिक कर, टेनिसला ड्रॉप कर” म्हणणारेही तुम्हीच. नातू इंटरनॅशनल शाळेत. ती शाळा एका उसाच्या फडाला लागून आहे, तेवढंच तिचं राष्ट्रीयत्व. विडी कामगाराच्या पोरीनं मराठीत राहून अस्मिता सांभाळायची आणि तुमच्या बेबीनं इंग्रजीत जाऊन पॅकेज, ही वाटणी कुठल्या ताम्रपटात लिहिलीय? त्या पोरीला इंग्रजी पाहिजे. भरपूर पाहिजे. चारात पाचवी भाषा. तिला त्यात अवघड काय? लाज न वाटता, चुकत, भांडत, पैसे सोडवून आणण्याइतकी पक्की. ती तिला क्लासबाहेर केव्हाच यायला लागलीय. क्लासात गेली की जाते.

जाऊ दे. बोर्ड बदलायला लागलेत, ही आणखी एक गंमत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी १० हजार कुशल माणसं पाठवायची, त्याआधी त्यांना जर्मन शिकवायचं. कल्पना वाईट नाही. तिथं नर्स व्हायचं तर बी-टू पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं, आणि ती परीक्षा ‘तरीपण फाइन’वर सुटत नाही. पण कराराची बातमी आली आणि आठवड्याभरात आमच्या खांबांवरच्या ‘इंग्लिश’वर कागद चिकटला. ‘६० दिवसांत फाडफाड जर्मन!’ सर तेच, ब्लेझर तोच, डबाही तोच. मी जिना चढून विचारलं, “सर, जर्मन कधी शिकलात?” सर म्हणाले, “चालू आहे. पोरांपेक्षा दोन धडे पुढं राहायचं, बास.” सोबत जर्मन एटिकेट्स फ्री. पहिल्याच धड्याचं शीर्षक ‘पंक्च्युॲलिटी’. बॅचची वेळ बोर्डावर ठळक छापलीय, सकाळी ७ ते ८. पोरं पावणेसातपासून जिन्यात उभी असतात. किल्ली सरांकडं असते. सर पावणेआठला येतात.